आवडीचा हिशेब



ही व्याख्यानमाला बाईंच्या स्मरणार्थ चालते. बाईंच्या शोकसभेला मी हजर होते. गणित शिकवण्याची त्यांची हातोटी, त्यांची शिस्त, गरजू मुलांची फी गुपचूप भरण्याची त्यांची सवय, भावाच्या मुलांना त्यांनी दिलेला आधार, हे सगळं त्या दिवशी बोललं गेलं आणि ते खरंच होतं. पण त्यांच्याकडे शिकवणीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या दोन गोष्टी कोणीच काढल्या नाहीत. मालिकेची वेळ झाली की बाई शिकवणी थांबवत, फळ्यावरचं उदाहरण अर्धं राहिलं असलं तरी. आणि वह्या तपासताना त्यांच्या मांडीवर कायम एक मांजर असे. वक्ते या गोष्टी विसरले असतील असं मला वाटत नाही. त्या सांगितल्या तर बाईंचा मान उणा होईल, असं त्यांना वाटलं असावं. मी आज त्याच दोन गोष्टींबद्दल बोलणार आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. आपल्या घरांमध्ये स्त्रीला आवडीचा हिशेब द्यावा लागतो आणि पुरुषाला काही आवडी लपवाव्या लागतात. स्त्रीनं भरतकाम करावं, कारण घर सजतं. बाग करावी, कारण कढीपत्ता मिळतो. भजनाला जावं, कारण पुण्य लागतं. जी आवड कुणाच्याच कामाची नाही, ती तिनं जोपासली की घरात कुरबुर सुरू होते. मालिका आणि मांजर या तशा दोन आवडी आहेत. म्हणूनच मला त्या महत्त्वाच्या वाटतात.

आधी वेळेचं पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात आढळलं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. मुलांचं आणि आजारी माणसांचं करण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. आता या पाच तासांच्या बाईला मालिका बघताना आठवा. ती नुसती बसलेली नसते. मांडीवर परात असते आणि परातीत मेथी असते, नाहीतर मटार, नाहीतर लसूण. इस्त्रीचे कपडे असतात, नातवाचं दप्तर असतं. जाहिरात लागली की ती कुकर लावून येते. हात रिकामे ठेवून मालिका बघणारी स्त्री मी लहानपणी पाहिल्याचं आठवत नाही. बाई वेगळ्या होत्या. त्या वेळेला त्या पेनसुद्धा खाली ठेवत.

हा कार्यक्रमाचा प्रकार जन्मालाच आला तो काम करत्या हातांसाठी. १९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर इर्ना फिलिप्स या लेखिकेनं रोजची चालणारी कौटुंबिक श्रुतिका सुरू केली. घरी असलेल्या बायका ऐकतात म्हटल्यावर साबण बनवणाऱ्या कंपन्यांनी असल्या श्रुतिकांना पैसा पुरवला, आणि तेव्हापासून इंग्रजीत या प्रकाराला साबणाचंच नाव चिकटलं. आपल्याकडे ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा तिच्यामागे मॅगी नूडल्सची जाहिरात होती. दोन मिनिटांत खाऊ तयार करून मुलांना देणारी आई आणि मालिकेतली सोसणारी आई, दोघी एकाच अर्ध्या तासात आपल्या घरात आल्या.

‘हम लोग’बद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण पुढच्या चाळीस वर्षांत जे झालं त्याचं बीज तिथं आहे. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका १५६ भाग चालली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका वापरण्याचा जो प्रयोग केला होता, त्यावरून हे बेतलं होतं. कुटुंब लहान असावं, मुलीला मान मिळावा, हे गोष्टीतून सांगायचं होतं. त्यासाठी भागवंती ही आई मुद्दाम अशी लिहिली गेली की तिची दशा बघून लोकांनी म्हणावं, हे असं नको. नवऱ्याचं सोसणारी, सासूचं ऐकणारी, स्वतःसाठी कधीही काही न मागणारी ही आई होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी पुढे या मालिकेचा परिणाम तपासला. बऱ्याच प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानलं होतं, असं त्यांना आढळलं. लेखकानं इशारा म्हणून उभी केलेली बाई लोकांनी देव्हाऱ्यात नेऊन बसवली.

याच मालिकेला प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रं आली. चार लाख! त्या काळात आंतरदेशीय पत्र आणून, लिहून, डिंकानं चिकटवून पेटीत टाकावं लागे. पात्रांना सल्ले देणारी, त्यांच्यावर रागावणारी, त्यांच्या लग्नाची काळजी करणारी ही पत्रं होती. आज आपण चाहते म्हणतो ते हेच लोक. अमक्या मुलीनं तमक्याशी लग्न करावं का, याविषयी ज्या गृहिणीला स्वतःच्या घरात कोणी मत विचारलं नसेल, तिनं ते मत दिल्लीला लिहून कळवलं. मला ही फार मोठी घटना वाटते.

पुढच्याच वर्षी ‘रजनी’ आली. दिग्दर्शक बासू चटर्जी, आणि रजनीच्या भूमिकेत आपल्या प्रिया तेंडुलकर. गॅसचं सिलिंडर वेळेवर का येत नाही, टॅक्सीवाला भाडं का नाकारतो, असे प्रश्न विचारत ही गृहिणी घराबाहेर पडली. टॅक्सीवरचा भाग पाहून मुंबईत टॅक्सीचालकांनी निषेध केला होता, इतकी ती लोकांना खरी वाटली. १९८९ मध्ये कविता चौधरींनी ‘उडान’ केली. त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य पोलीस अधिकारी होत्या आणि पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्यांच्या आयुष्यावरून ती मालिका रचली होती. माझ्या पिढीतल्या किती मुलींनी ‘उडान’ बघून घरी हट्ट धरला असेल, याची नोंद कुठंच नाही. मात्र असा हट्ट धरलेल्या काही जणी मला ठाऊक आहेत.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या दूरदर्शनचं झालं. खासगी वाहिन्यांवरच्या सासू-सुनांचं काय? प्रश्न रास्त आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारचा गोवा इथल्या घरांची पुन्हा पुन्हा पाहणी केली. याच काळात काही गावांत पहिल्यांदा केबल पोचली, काही गावांत पोचली नाही. जिथं केबल आली तिथल्या बायका नवऱ्यानं मारणं क्षम्य आहे असं कमी म्हणू लागल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, बाहेर जाण्याच्या आणि खर्चाच्या बाबतीत त्यांचा शब्द थोडा वाढला. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाहणीच्या काळात टीव्हीवर भरजरी साड्या आणि कटकारस्थानं यांचाच सुकाळ होता, हे लक्षात घ्या. गोष्ट कितीही बुरसटलेली असली तरी तिच्यातल्या बायका शिकलेल्या होत्या, स्वतःचे पैसे खर्च करत होत्या, मोठ्यानं बोलत होत्या. ज्या गावात तसं बोलणारी बाई नव्हती, तिथं हे चित्र कामाला आलं असावं, असा माझा अर्थ आहे.

म्हणून मी मालिकांची वकिली करते असं समजू नका. एका पुरुषासाठी दोन बायकांनी वर्षानुवर्षं झुरणं, गरोदरपण महिनोन्‌महिने लांबवणं, नोकरी करणाऱ्या बाईला खलनायिका करणं, या गोष्टींचा मला संताप येतो. पण हा संताप सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमका कोण व्यक्त करतं? मालिका रोज बघणाऱ्या बायका. पाणी घालायला लागले, आता बंद करा म्हणावं, हे वाक्य त्यांचंच. ‘आई कुठे काय करते’ २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून. घरासाठी पंचवीस वर्षं खपलेली अरुंधती आणि दुसऱ्या बाईत गुंतलेला तिचा नवरा. आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या दिवसांत रोज खल चाले, अरुंधतीनं घर सोडावं की नाही. सत्तरीच्या एक आजी, ज्यांनी आपल्या संसाराबद्दल कधी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, “सोडावं. पण आधी दागिने स्वतःच्या नावानं लॉकरमध्ये ठेवावेत.” गच्चीवर शांतता झाली आणि मग बायका खरं खरं बोलायला लागल्या. मालिकेतलं पात्र मध्ये होतं म्हणून त्यांना ते बोलता आलं.

आता पुरुषांकडे वळते. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर भारतानं विश्वचषक जिंकला तेव्हा रस्त्यावर येऊन रडलेले पुरुष आपण सगळ्यांनी पाहिले. त्यांना कोणी हसलं नाही, आणि हसायचं कारणही नव्हतं. अनोळखी माणसांच्या खेळात इतका जीव गुंतवणं हा माणसाचा मोठा गुण आहे. हाच जीव एखादीनं मालिकेतल्या मुलीत गुंतवला की तिला रडूबाई म्हणतात. पात्राचं मंगळसूत्र आवडलं म्हणून ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीसारखं करून घेणाऱ्या बायकांची टिंगल झाली, खेळाडूच्या नावाची जर्सी घालणाऱ्या बाप्यांची होत नाही.

पण पुरुषाची अडचण निराळी आहे आणि ती मला जास्त दुखते. माझ्या परिचयाचे एक काका बँकेतून निवृत्त झालेले. मालिका लागली की ते दिवाणखान्याच्या दारात उभे राहतात. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. काकू मेथी निवडत खाली बसलेल्या. काका पूर्ण भाग उभ्यानं बघतात. बसले तर आपण बघतोय असं होईल. मध्येच काही कळलं नाही तर, “हा कोण गं?” असं उगाच विचारल्यासारखं विचारतात. करोनाच्या टाळेबंदीत सगळं घरातच असल्यानं ते एकदाचे बसले, आणि काकू मला म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं एकच गोष्ट एका वेळी बघतोय. उभ्यानं बघणारे असे काका पुष्कळ घरांत आहेत. त्यांना बसायला कोणी मनाई केलेली नाही. पुरुषानं काय बघावं हे त्यांना इतक्या लहानपणी शिकवलं गेलं, की आता मनाई करायची गरजच उरलेली नाही.

मांजराचंही असंच आहे. कुत्रा पाळणारा पुरुष रुबाबदार दिसतो. तो सकाळी साखळी धरून बाहेर पडतो आणि लोक थांबून जात विचारतात. मांजर घराच्या आत राहतं, कुणाला दाखवता येत नाही, हाक मारली तर येईलच असं नाही. शाळकरी मुलानं मांजराच्या पिल्लाला शर्टात घालून घरी आणलं तर बाप सहसा म्हणतो, हे काय बायकी! मी हे वाक्य एकाहून जास्त घरांत ऐकलं आहे. त्या मुलाच्या हातांत त्या क्षणी जो हळुवारपणा असतो तो पुढे आपण त्याच्याकडून मागतो, बायकोसाठी, म्हाताऱ्या आईसाठी, आणि तेव्हा तो मिळत नाही म्हणून तक्रार करतो.

माणसानं मांजर घरात घेतलं ते उपयोगासाठी. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कणगीत धान्य साठलं, उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरं आली. पण सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. नुसत्या उंदरांसाठी ठेवलेल्या जनावराला कोणी असं शेजारी निजवत नाही. आपल्या म्हणींनी मात्र मांजराला चोरच ठरवलं. शिंकं तुटलं की बोक्याचं साधतं आणि डोळे मिटून दूध पिणारी ती मांजरच.

या चोरीवरून एक बंगाली व्रतकथा सांगते. षष्ठी ही मुलांची राखणदार देवी. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई पुजतात, ती तिच्याच घराण्यातली. षष्ठीचं वाहन मांजर आहे. एका घरातली धाकटी सून स्वयंपाकघरातलं चोरून खाई आणि नाव काळ्या मांजरीचं सांगे. मांजर मार खाई. शेवटी मांजरीनं देवीकडे गाऱ्हाणं नेलं. सुनेला मूल झालं की रात्री मांजर ते उचलून देवीकडे नेऊन ठेवी आणि गाव म्हणे, आईनंच खाल्लं. अखेर सून देवीला शरण गेली, मांजरीची क्षमा मागितली आणि तिला मुलं परत मिळाली. कथेचा बोध असा, की खोटा आळ घेऊ नये आणि मांजराला मारू नये. मला ही कथा आवडते आणि ती ऐकताना दर वेळी माझं मन एका ठिकाणी अडतं. भरल्या घरातल्या सुनेला चोरून का खावं लागत होतं? कथा तिला हावरट म्हणते. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या बायका आपण आपल्याच घरांत पाहिल्या आहेत. मी तिला भुकेली म्हणेन. सून आणि मांजर, दोघींनी कुणी वाढल्याशिवाय घ्यायचं नाही, हाच त्या घराचा नियम होता आणि दोघींना एकमेकींविरुद्ध उभं केलं तेही त्या नियमानंच. चुलीजवळ बसून, कोणी बघत नाही असं पाहून, मांजराला दूधभाताचा घास सारणारी माझी आजी मला त्या सुनेची वारसदार वाटते.

परदेशातही बाई आणि मांजर यांची जोडी हिणवण्यासाठीच वापरली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये स्त्रिया मताधिकार मागत होत्या, तेव्हा विरोधकांनी पोस्टकार्डांवर त्यांच्या जागी मांजरी काढल्या. २०२१ मध्ये अमेरिकेचे राजकारणी जे. डी. व्हान्स यांनी विरोधकांना मूलबाळ नसलेल्या मांजरवाल्या बायका म्हटलं, आणि तीन वर्षांनी टेलर स्विफ्ट या गायिकेनं आपल्या जाहीर निवेदनाखाली तेच विशेषण स्वतःहून लावून सही केली. मूल नसलेल्या बाईनं मांजरावर माया केली की लोकांना ती माया उसनी वाटते. बाईंना हे पुष्कळदा ऐकावं लागलं.

माया कुणी करावी हे लिंगावरून ठरत नाही, हे मला मांजरांनीच दाखवलं. आमच्या घरी एक तिरंगी मांजरी आहे आणि एक केशरी बोका. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीकडे अशी दोन गुणसूत्रं असतात. तिच्या प्रत्येक पेशीत त्यातलं एक निद्रिस्त होतं. कुठं हे, कुठं ते. म्हणून अंगावर केशरी आणि काळे तुकडे पडतात. हे निद्रिस्त होणं १९६१ साली मेरी लायन या संशोधिकेनं मांडलं. नेमकं केशरी जनुक कोणतं, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी शोधल्याचं अगदी अलीकडे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. निसर्गानं मांजराचं लिंग असं कातडीवर उमटवलं आहे, पण त्यावरून त्याचं वागणं सांगता येत नाही. आमची मांजरी कुणाला जवळ फिरकू देत नाही. ऑपरेशन झालेला बोका मात्र जिन्याखाली सापडलेल्या पिल्लांना आठवडाभर पोटाशी घेऊन झोपला, त्यांना चाटून स्वच्छ करत राहिला. आलेगेले त्याला बघून म्हणत, बोका असून! माणसांनाही आपण हेच ऐकवतो.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण यावरून घराघरांत मांजरं रस्त्यावर सोडली जातात. सुनेला दिवस गेले की पहिला हुकूम निघतो, मांजर घालवा. यामागे टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती असते. ती अगदीच खोटी नाही. गरोदरपणात पहिल्यांदा हा संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो. पण तो पोचतो कसा, हे समजून घ्या. संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि पसरण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराच्या विष्ठेचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला पाहिजे आणि तो गरोदर बाईनं करू नये. मांजराला कच्चं मांस देऊ नये, बाहेर शिकारीला जाऊ देऊ नये. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही हाच परजीवी पोटात जातो, त्याबद्दल मात्र घरात कोणी हुकूम काढत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्थाही मांजर घालवून द्या असं सांगत नाही.

आमच्या शेजारी हा प्रसंग गेल्या वर्षी आला. सासूबाई म्हणाल्या, मांजर सोडून या. सूनबाई लग्नात माहेराहून ती मांजर घेऊन आली होती. तिनं आधी डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासलं, आणि मग नवऱ्यापुढे प्रश्न ठेवला की ट्रे कोण काढणार. तोपर्यंत घरात कुणाचं कोण करतं हे त्याला नीटसं ठाऊक नव्हतं. तो रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी हातमोजे घालून ट्रे साफ करू लागला. सुरुवातीला दार लावून करायचा. पुढे दार उघडं राहू लागलं. बाळ आता बसायला लागलं आहे. ट्रे अजून तोच काढतो आणि मांजरीच्या लसीची तारीखही त्याच्याच फोनमध्ये आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा प्रश्न उभा असेल, तर कार्यक्रमानंतर थांबा. आपण बोलू, आणि त्या मांजराचं काय करता येईल ते मिळून पाहू.